नोकरीच्या वाटेतली दाढ

"अगं, बदललं! बदललं गं!"

स्टोअरकीपर आतल्या खोलीतून असे काही ओरडले की स्वयंपाकघरात बायकोच्या हातातली बशी सुटता सुटता राहिली.

"काय बदललं?"

"सद्यस्थिती!"

बायको ओल्या हातांनी तशीच धावत आली. झाकणांचा कारखाना बंद पडल्यापासून स्टोअरकीपर घरी बसले होते. औषधांच्या एका मोठ्या गोदामात त्यांनी अर्ज केला, मुलाखत दिली आणि तेव्हापासून त्या घरात सद्यस्थिती हा शब्द आजारी माणसाच्या तापासारखा विचारला जात होता. सकाळी "काय आहे?", दुपारी "काही फरक?", संध्याकाळी नुसतंच भुवया उडवून. कंपनीच्या संकेतस्थळावर त्यांच्या नावापुढे आधी 'अर्ज मिळाला' असं येत होतं आणि नंतर बरेच दिवस 'विचाराधीन'. आता विचार कोण करतंय, बसून करतंय की उभ्याने, आणि एका स्टोअरकीपरबद्दल इतका विचार करण्यासारखं असतं तरी काय, हे कळायला मार्ग नव्हता.

आज तिथे लिहिलं होतं, 'संदर्भ पडताळणी चालू'.

"म्हणजे चांगलं की वाईट?" बायकोने विचारलं.

"तेच तर कळत नाहीये ना!"

अशा वेळी मेहुण्याला फोन लावायची पद्धत होती. मेहुण्याचं रंगाचं दुकान होतं आणि रंग सोडून जगातल्या सगळ्या विषयांत त्याला गती होती. पहिल्या तारखेपर्यंत नोकरी लागली नाही तर भावजींनी आपल्या दुकानात यावं, असं त्याने भर घरात सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं. अगदी प्रेमाने केलं होतं, तिथेच तर पंचाईत होती. घर चालायला हवं म्हणून बायकोनेही मान डोलावली होती. ज्या पोराला भागाकार शिकवताना स्टोअरकीपरांनी दोनदा कान पिळला होता, त्याच्याकडे आता सुट्टी मागायची! तारीख तर तोंडावर आली होती.

"संदर्भ पडताळणी म्हणजे सरळ आहे, भावजी," मेहुणा फोनवर म्हणाला. "त्यांचा तुमच्यावर विश्वास नाही. असता तर चार लोकांना विचारत कशाला बसले असते? तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी तुमच्यासाठी स्टूल बघून ठेवलंय. पाठ टेकता येईल असं."

फोन ठेवल्यावर बायकोने मुद्द्याचं विचारलं. "अहो, पण संदर्भ म्हणून तुम्ही नावं कुणाची दिलीत?"

"एक आमचे जुने मॅनेजर."

"आणि दुसरं?"

स्टोअरकीपरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. चष्मा स्वच्छ होता.

"नातेवाईक नको, असं होतं. पाच वर्षं ओळखणारा, समाजात मान असलेला माणूस हवा म्हणे. मग मी आपलं... खालच्या डॉक्टरांचं दिलं."

"दातांच्या डॉक्टरांचं?" बायको मटकन खुर्चीत बसली. "अहो, तुम्ही त्यांच्या खुर्चीतून पळून आला होतात!"

ते खरंच होतं. दीड वर्षापूर्वी दाढेचं काम अर्धवट झालेलं असताना 'गाडी नीट लावून येतो' असं सांगून स्टोअरकीपर तोंडात कापसाचा बोळा घेऊन बाहेर पडले ते पडलेच. तेव्हापासून ते इमारतीच्या मागच्या जिन्याने ये-जा करत होते. नाव देताना मात्र 'डॉक्टर' हा शब्द त्यांना फार वजनदार वाटला होता.

"आत्ताच्या आत्ता खाली जा," बायको म्हणाली. "त्यांना फोन यायच्या आत जा. पाय धरा, काय वाटेल ते करा."

दवाखान्यातल्या मदतनीस बाई म्हणाल्या, "वेळ घेतलीय का? नाही? मग फक्त तातडीचं असेल तरच."

"फार तातडीचं आहे हो," स्टोअरकीपर मनापासून म्हणाले. बाईंनी ते दाढेबद्दल समजून त्यांना थेट खुर्चीत नेऊन बसवलं.

डॉक्टर आले, हातमोजे चढवत त्यांच्याकडे निरखून बघू लागले. "तुम्ही तेच ना, गाडी लावायला गेलेले? लागली का मग?"

"डॉक्टरसाहेब, एक छोटीशी विनंती होती..."

"आधी आ करा."

आता ज्या माणसाकडून चांगला शब्द हवा, त्याने आ करा म्हटल्यावर बंद कसं ठेवायचं? स्टोअरकीपरांनी आ केला. डॉक्टरांनी आत डोकावून 'च्च च्च' केलं, सुई टोचली, दोन्हीकडे कापूस भरला, लाळ ओढायची नळी अडकवली आणि गप्पांना सुरुवात केली. डॉक्टरांना गप्पांची भारी आवड. समोरचा माणूस मध्ये बोलत नसल्यामुळे त्या गप्पा वर्षानुवर्षं बिनविरोध चालत आल्या होत्या.

"सकाळी तुमच्याबद्दल फोन आला होता," डॉक्टर म्हणाले.

स्टोअरकीपर खुर्चीत अर्धे उठले. "आँ?"

"कुठल्याशा गोदामातून. एक बाई होत्या. माणूस कसा आहे, असं विचारत होत्या."

"आँ? आँ?"

"हलू नका. मग मी त्यांना स्पष्टच सांगितलं की..."

आणि यंत्र सुरू झालं. घर्र घर्र घर्र. डॉक्टरांचे ओठ मास्कच्या आत हलताना दिसत होते, मास्क वर-खाली होत होता, म्हणजे सांगणं चालूच होतं. चांगलं लांबलचक सांगणं होतं. अखेर यंत्र थांबलं.

"...असं सांगितलं. खोटं कशाला बोलायचं?"

स्टोअरकीपरांनी खुर्चीचे दांडे धरले. खोटं न बोलता आपल्याबद्दल या माणसाने सांगण्यासारखी गोष्ट एकच होती. डोळ्यांसमोर स्टूल दिसू लागलं. पाठ टेकता येईल असं.

इतक्यात डॉक्टरांचा फोन वाजला. हात मोकळे नव्हते म्हणून मदतनीस बाईंनी स्पीकर लावून तो त्यांच्यासमोर धरला.

"डॉक्टर, मी गोदामातून बोलतेय, सकाळी बोलले ना तीच. अहो, तुमच्या त्या गृहस्थांचा फोन लागतच नाहीये."

लागणार कसा? दर दोन मिनिटांनी सद्यस्थिती बघून बघून त्याची बॅटरी संपली होती आणि तो वर घरात चार्जिंगला लावलेला होता.

"ते इथेच आहेत," डॉक्टर म्हणाले. "माझ्या ताब्यात आहेत."

"अरे वा! मग दोन-तीन प्रश्न राहिलेत, विचारू का?"

"विचारा की. त्यांना बोलता येणार नाही, पण ते काय म्हणतात ते मला कळतं. वीस वर्षं हीच भाषा ऐकतोय."

स्टोअरकीपर हात हलवून नको नको म्हणत होते. डॉक्टरांनी तो हात अलगद खाली ठेवला.

"आलेला माल कमी भरला तर काय करता?" बाईंनी विचारलं.

"आई उआ ओओओ, अअ अअ अअओ."

"आधी पुन्हा मोजतो, मग वर कळवतो, असं म्हणतायत," डॉक्टर म्हणाले. स्टोअरकीपर थक्क झाले. शब्दन्‌शब्द बरोबर होता.

"तणावाखाली काम करता येईल का?"

डॉक्टरांनी खुर्चीच्या दांड्यावर घट्ट आवळलेल्या मुठींकडे पाहिलं. "सध्या तेच चाललंय."

"आणि रुजू कधी होतील?"

"आआ! अआआ!"

"आत्ता म्हणतायत. पण आत्ता मी सोडणार नाही, दाढ उघडी आहे. सोमवारपासून बघा."

स्टोअरकीपरांनी पाय आपटले. "खूश आहेत," डॉक्टरांनी बाईंना सांगितलं.

"बरं. आणि सकाळी तुम्ही जे सांगितलंत ते..."

"ते कायम," डॉक्टर ठामपणे म्हणाले आणि फोन बंद झाला.

काम आटोपल्यावर अर्ध्या बधिर तोंडाने स्टोअरकीपरांनी सगळा जीव एकवटून विचारलं, "आआई आय आंइअअं?"

"सकाळी काय सांगितलं? सांगितलं ना तुम्हाला मघाशी," डॉक्टर म्हणाले. "आता दोन तास बोलू नका. चला, पुढचे कोण?"

घरी मेहुणा येऊन बसलाच होता. बायको विचारत होती, स्टोअरकीपर हातवारे करत होते आणि मेहुणा त्याचा अर्थ लावत होता. डॉक्टरांइतकी त्याला ती भाषा येत नव्हती. त्याने लावलेला प्रत्येक अर्थ दुकानापाशी येऊन थांबत होता. मग तिघांनी मिळून सद्यस्थिती पाहिली. 'पडताळणी पूर्ण.'

"पूर्ण! एका फोनमध्ये!" मेहुणा म्हणाला. "वाईट गोष्टी चटकन पूर्ण होतात, भावजी."

शुक्रवारी दुपारी त्या नावापुढे दोनच शब्द उमटले, 'अर्ज बंद'.

याचा अर्थ विचारायला कुणाला फोन करावा लागला नाही. स्टोअरकीपरांना लाज वाटत होती. नोकरी गेली तेव्हा वाटली नव्हती इतकी लाज वाटत होती, कारण कारखाना काही त्यांच्यामुळे बंद पडला नव्हता. ही नोकरी मात्र त्यांनी स्वतःच्या पायांनी, तोंडात कापूस घेऊन घालवली होती.

"असू दे हो," बायको पाठीवर हात ठेवून म्हणाली. तिचाही आवाज ओला झाला होता. "माझा भाऊ बोलतो फार, पण मनाने चांगला आहे."

"तेच तर ना," स्टोअरकीपर म्हणाले. त्यांनी लॅपटॉप मिटून कपाटात टाकला, फोन बंद करून त्याच्यावर ठेवला आणि या दोन वस्तूंचं पुन्हा तोंड बघणार नाही असं जाहीर केलं.

सोमवारी ते दुकानात हजर झाले. मेहुण्याने स्वतः स्टूल पुसून दिलं.

"भावजी, मला मालक वगैरे म्हणायची काही गरज नाही हं," तो म्हणाला. "साहेब म्हटलं तरी पुरे."

स्टोअरकीपर रंगाचे डबे हलवू लागले. तासाभरात त्यांची बाही एका बाजूने हिरवी झाली. साडेअकराच्या सुमारास दुकानाचा फोन वाजला.

"तुमच्यासाठी आहे," मेहुणा फोनवर हात ठेवून म्हणाला. "पण भावजी, पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो, दुकानाच्या वेळेत घरचे फोन..."

"अरे, दे आधी त्यांच्याकडे!" फोनमधून बायकोचा आवाज एवढा मोठा आला की गिऱ्हाईकही दचकलं. "अहो, ऐकताय ना? खालचे डॉक्टर वर आलेत! हातमोजे घालून तसेच आलेत! तुमचा माणूस कुठाय म्हणून गोदामातल्या बाई त्यांनाच रागावल्या. तुमची निवड झालीय, शुक्रवारीच झालीय! तुमचा फोन बंद, ईमेल पाठवला तो उघडलेला नाही. आज तुम्हाला दहाला रुजू व्हायचं होतं!"

"पण अर्ज तर बंद..."

"ते मला काय विचारता? तिथे जाऊन विचारा! पळा!"

ते पळाले. मेहुणा "साहेबांची परवानगी?" असं काहीतरी म्हणाला, पण ते ऐकायला दुकानात फक्त गिऱ्हाईक होतं.

गोदामातल्या बाई तशा प्रेमळ निघाल्या. त्यांनी पाणी दिलं, हिरव्या बाहीकडे दुर्लक्ष केलं आणि कागदांवर सह्या घेतल्या. स्टोअरकीपरांना राहवेना.

"बाई, रागावणार नसाल तर विचारतो. डॉक्टरांनी माझ्याबद्दल काय सांगितलं होतं?"

"हो, ते!" बाई हसल्या. "म्हणाले, माणूस एक नंबरचा भित्रा आहे, काम अर्धवट टाकून पळाला. पण पळायच्या आधी घाबरून बसवेना म्हणून आमचं औषधांचं कपाट आवरलं आणि मुदत संपलेल्या बाटल्या वेगळ्या काढून ठेवल्या. मी म्हटलं, आम्हाला हाच माणूस हवाय. दात आम्हाला कुठे काढायचेत?"

स्टोअरकीपरांना एकदम इतकं हलकं वाटलं की दाढही बरी झाल्यासारखी वाटली. त्या भरात त्यांनी दुसरं विचारलं.

"मग 'अर्ज बंद' म्हणजे निवड, असं असतं होय?"

"अर्ज बंद? कुठे?"

"तुमच्या संकेतस्थळावर. माझ्या नावापुढे."

बाईंनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "हे होय! अहो, इथे काहीतरी निवडल्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही. मी आपलं हाताला येईल ते दाबते आणि पुढे जाते. विचाराधीन काय, पडताळणी काय, कोण वाचतंय?" मग त्या थबकल्या. "पण तुम्हाला कसं कळलं ते?"

"रोज बघत होतो ना. घरातले सगळेच बघत होतो."

बाईंचा हात पडद्यापाशीच राहिला. स्टोअरकीपरांच्या नावाखाली आणखी पुष्कळ नावं होती, पान संपून पुढच्या पानावर गेलेली, आणि प्रत्येकापुढे काही ना काही लिहिलेलं होतं.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "हे उमेदवारांना दिसतं?"