साडेपाचची पंगत

आमच्या गल्लीतले अंबादासअण्णा रात्रीचं जेवण संध्याकाळी साडेपाचला जेवतात. सोलापूरचं ऊन तेव्हा भिंतींवरून हललेलंसुद्धा नसतं. पोरं दप्तरं फेकून खेळायला निघालेली असतात, आणि हे पुढच्या खोलीत मांडी घालून भाकरी मोडत बसलेले. समोर तांब्याला टेकवलेला मोबाईल. मोबाईलमध्ये लावण्या.

लावण्या ही त्यांची एकुलती एक लेक. चीनमध्ये शिकते. तिथं त्या वेळी रात्रीचे आठ वाजतात, म्हणून अण्णांचेही आठ वाजतात. लग्न असो की बारसं, "साडेपाचला वाढत असशीला तर येतो," असं तोंडावर सांगून मोकळे! जन्मभर यंत्रमागाच्या खडखडाटात टॉवेल विणले, कान गेले, त्यामुळे बोलणं सगळं ओरडून. तिनं तिथं काय खाल्लं ते अख्ख्या गल्लीला कळतं.

"काड्यांनी भात? अगं, हातानं खा की! कोन बगतंय तितं?"

मी त्यांची शेजारीण, निवृत्त मास्तरीण. पोरगी माझ्याच वर्गात अक्षरं गिरवून गेलेली, म्हणून ती निघाली तेव्हा मी टोकलं, "अण्णा, एवढं जग सोडून चीन कशाला?"

अवदसा आठवली मला! तासभर सुटका झाली नाही.

"जॉइंट हाय ते, बाई! विद्यापीठ इंग्लंडचं, जागा चीनची. दोगांनी मिळून काडलंय. उभा धागा त्येंचा, आडवा ह्येंचा. शिक्का इंग्लंडचा, फी निम्मी!"

पुढं माझ्या लक्षात आलं, की माणूस बघून कारण बदलतं. पैशाचं बोलणाऱ्याला फी. रडणाऱ्या बहिणीला, "लंडनपेक्षा चीन जवळ की." चहाच्या गाडीवर, "धा देशांची पोरं एका बाकावर बसत्यात, लई शिकाय मिळतं." आणि शेवटी आवाज खाली आणून, म्हणजे फक्त शेजारच्या गल्लीत ऐकू जाणार नाही इतपत, "दोन वर्षं चीन, म्होरली दोन इंग्लंड. सरळ म्होरल्या दारानं आमाला कोन घेतंय? आमी परड्यातनं शिरलो!"

मग ती दोन वर्षं संपत आली आणि लावण्यानं फोनवर सांगितलं, "मी इंग्लंडला जात नाही. इथंच पुरं करते." तशीही सोय असते म्हणे. अण्णांनी घर डोक्यावर घेतलं.

"मग गेलीस कशाला तितं? काड्यांनी भात खायाला?"

गल्ली म्हणाली, पैसे संपले असतील. मला काही पटेना. मी तिला फोन लावला. वडिलांना ती तेलुगूत नान्ना म्हणते.

"बाई," ती म्हणाली, "इंग्लंडला माझी रात्र होईल तेव्हा इकडं मध्यरात्र उलटलेली असेल. नान्नांच्या जेवणाला मी वर्गात. आणि ते एकटे जेवत नाहीत हो. आई गेली तेव्हा शेजारून आलेले डबे तसेच परत जायचे, आठवतं ना? मी समोर बसले की मगच घास खायचे."

आठवत होतं. डबा माझाही परत आला होता.

मी जाऊन अण्णांना सगळं सांगितलं. पहिल्यांदाच हा माणूस ओरडला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र माझ्या दारात हजर. "बाई, साडेपाचला जेवायला या. समोरच्या मकबूलभाईंना बी सांगितलंय."

गेले. भाकरी, आमटी, शेंगाची चटणी, सगळं अण्णांनीच केलेलं. मकबूलभाई शिंपी, चारचा चहा-पाव त्यांच्या घशाशी होता, तरी बिचारे घास ढकलत होते. अण्णांनी मोबाईल आमच्याकडं फिरवला.

"बग! मेस काडलीया आमी. रोज असत्यात ही मानसं. मला तुज्याशी बोलाया सवड न्हाय आता!"

"हौ बेटी," मकबूलभाई भाकरी गिळत म्हणाले, "रोज बैठते हम."

लावण्यानं आमची ताटं एकेक करून न्याहाळली. "बाई, खरंच रोज?"

खोटं बोलणाऱ्या पोरांना मी जन्मभर बाकावर उभं केलं. पण अण्णांचा हात भाकरीवर तसाच थांबला होता, आणि माझ्यानं राहवेना.

"रोज गं," मी म्हटलं. "पण तुझे नान्ना चटणी वाढताना हात आखडतात."

ती हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "मग जाते मी इंग्लंडला."

फोन बंद झाला. दुकान उघडं टाकलंय म्हणत मकबूलभाई पळाले. तांब्याला टेकलेल्या काळ्या मोबाईलकडं अण्णा बघत बसले. मग हळू, अगदी हळू आवाजात म्हणाले, "झालं काम. जावा बाई तुमी. घरी सैपाक असंल."

कसला सैपाक? मुलगा पुण्याला गेल्यापासून मी ओट्याशी उभ्यानंच चार घास खाते. अण्णांच्या ताटाची काळजी करणाऱ्या मला माझ्याच ताटाची लाज वाटली.

मी उठले नाही. अर्धी भाकरी अजून शिल्लक होती.

"चटणी वाढा, अण्णा," मी म्हटलं. "आणि उद्या आठला बसू. इथल्या आठला."