मिशी आणि मळणी

विठोजींनी मिशी पणाला लावली ती भर देवळाच्या कट्ट्यावर.

"माझ्या रागीला यंत्र शिवलं, तर ही मिशी उतरवीन!"

शेजारचे येसाजी नवं मळणीयंत्र गावभर मिरवत होते, त्यांना हे उत्तर होतं. विठोजींची सून रक्षिता ट्रॅक्टर झकास चालवायची. येसाजींचं यंत्र आणते म्हणून तिनं विचारून पाहिलं, तर मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा, पारा असा चढला की तिनं तो विषयच सोडला.

गाव म्हणजे तरी काय, सर्जापूर रोडच्या मागे उंच इमारतींच्या कचाट्यात उरलेली थोडी शेतं. विठोजींचं मराठी घराणं तिथे पिढ्यान्‌पिढ्या नाचणी पिकवत आलेलं, आणि नाचणीला ते तिथल्या कन्नड लोकांसारखं रागीच म्हणत. बैल गेल्यापासून विठोजी कणसं सरळ गल्लीतल्या रस्त्यावर अंथरत. इमारतींतले इंजिनिअर मोटारी घेऊन कामावर निघत, चाकांखाली दाणे सुटत आणि विठोजी कडेला पान चघळत बसत.

"बैलांना वैरण घालावी लागायची," ते ऐटीत सांगत. "हे आपलं आपण खाऊन येतात."

यंदा मोठा रस्ता खोदला गेला आणि सगळी वाहतूक याच गल्लीत वळली. विठोजी हरखले. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो! पण पहिल्याच मोटारीच्या चाकात काड गुंडाळलं, मोटार जागच्या जागी थांबली आणि मागे भोंग्यांचा गदारोळ उठला. उभ्या चाकाखाली काय डोंबल मळणी होणार?

"थांबू नका, साहेब! स्वल्प पुढं, स्वल्प मागं घ्या!" विठोजी ओरडले.

मोटारीतून पद्माकर नावाचे इंजिनिअर उतरले. नुकतेच पुण्याहून आलेले. "अहो काका, ही कार आहे, बैल नाही! माझी मीटिंग आहे. एक मळणीयंत्र का नाही आणत तुम्ही?"

"आमच्या घरात यंत्र चालत नाही."

"मग हे माझं काय आहे?"

"ते तुमचं आहे. आमचं नव्हे."

पद्माकर वाकून चाकातलं काड उपसू लागले. तेवढ्यात वाहतूक पोलीस आला. रागी ताबडतोब उचला, नाहीतर खोदकामाचा जेसीबी बोलावून सगळी गटारात लोटतो, असं त्यानं कन्नडमध्ये ठणकावलं. विठोजींचा चेहरा उतरला. वर्षाची भाकरी डोळ्यांदेखत गटारात जाणार होती.

एवढ्यात शेताच्या बाजूनं घरघर आली. ट्रॅक्टरवर रक्षिता, मागे येसाजींचं यंत्र आणि यंत्राबरोबर मजा बघायला खुद्द येसाजी.

"मामा, लवकर सांगा," तिनं वरूनच विचारलं. "मिशी का रागी?"

विठोजींनी मिशीवरून एकदा हात फिरवला. मग कणसांकडे पाहिलं. "सरी," ते मान डोलावत कन्नडमध्येच पुटपुटले. "घे."

रक्षितानं ट्रॅक्टर रस्त्याकडेच्या बांधावर असा चपखल लावला की पोलिसाचीही शिट्टी तोंडातच राहिली. मग तिनं मोटारवाल्यांना हाक दिली, "बघत काय उभे? उचला!" पद्माकरांनी गळ्यातलं ओळखपत्र खिशात कोंबलं आणि कवळाभर कणसं उचलली. त्यांच्या मागोमाग सगळेच लागले. बघता बघता रस्ता मोकळा झाला आणि यंत्रातून दाण्यांची धार पडू लागली. स्वच्छ, ना खडा ना डांबराचा वास. अशी रागी विठोजींनी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. त्यांनी ओंजळभर दाणे वर उचलून पाहिले.

"विठोजी अण्णा," येसाजी मिश्किलपणे म्हणाले, "वस्तरा आणू काय?"

सगळे थबकले. रक्षितानंही यंत्र बंद केलं.

"कशाला?" विठोजी गरजले.

"यंत्रानं मळली की रागी."

"यंत्रानं?" विठोजींनी ट्रॅक्टरवरच्या धुळीनं माखलेल्या पोरीकडे बोट दाखवलं. "ते तू गावभर मिरवलंस, येसाजी. मळलं काय त्यानं आपणहून एक तरी कणीस? रागी माझ्या सुनेनं मळली!"

आणि त्यांनी मिशीला असा पीळ भरला की येसाजींना दुसरीकडे बघावं लागलं.

घरी निघताना मात्र विठोजी ट्रॅक्टरजवळ रेंगाळले. आजूबाजूला कोणी नाही असं बघून हळूच म्हणाले, "पोरी, सरक बघू स्वल्प. याचा ब्रेक कुठला, दाखव मला."