मुंडावळ्यांचा कमरपट्टा

लताबाईंनी मोत्यांच्या मुंडावळ्या मागितल्या त्या दोन डझन, आणि घोळ तिथेच झाला.

भद्रकालीतल्या लग्नसामानाच्या दुकानात फाल्गुनातली गर्दी होती. दुकानदार हातातली दोरी तशीच धरून म्हणाला, "दोन डझन? मावशी, सामुदायिक विवाह आहे का?"

"नाही हो, घरचंच आहे," लताबाई म्हणाल्या. "आणि एक गंगावन दाखवा. लांब हवं. कमरेपर्यंत येईल असं."

हे शब्द शेजारी रुखवताच्या बाहुल्या उलटसुलट करून बघणाऱ्या सुलाबाई पगारांनी ऐकले. सुलाबाई म्हणजे सिडकोतल्या त्यांच्याच गल्लीतल्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. त्यांच्या कानावर आलेली गोष्ट भुईवर पडत नसे.

"लता! रोशनीचं ठरलं? आणि आम्हाला पत्ता नाही?"

लताबाईंनी मुंडावळ्यांकडे पाहिलं, गंगावनाकडे पाहिलं. या दोन वस्तू हातात धरून 'लग्न नाही' म्हणणाऱ्या आईवर कोण विश्वास ठेवणार? आणि खरं सांगायची तर सोय नव्हती. त्या एवढंच म्हणाल्या, "वेळ आली की सांगेन, सुलाताई."

"म्हणजे ठरलं!" सुलाबाई म्हणाल्या आणि बाहुल्या तिथेच टाकून रिक्षा शोधायला निघाल्या.

खरं होतं ते असं. रोशनी एकतीस वर्षांची. अंबडच्या एका कारखान्यात मोटारीच्या कॉइल गुंडाळायची. बोटं अशी की केसाएवढी बारीक तार तिच्या हातून कधी तुटली नाही. दोन वर्षांपूर्वी तिच्या हाती एक व्हीसीडी लागली, बेली डान्सची. तेव्हापासून कामावरून आली की खिडक्या लावून, पडदे ओढून, टीव्हीसमोर ती कंबर हलवायला शिकत होती. पहिल्यांदा लताबाईंनी दाराच्या फटीतून पाहिलं तेव्हा त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि ओवा घेऊन आल्या.

"कधीपासून दुखतंय पोट?"

"आई, दुखत नाहीये. नाचतेय."

लताबाई ओव्याची वाटी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. नवरा गेल्यापासून गल्लीची ब्लाऊजं शिवून त्यांनी लेक वाढवली होती. बाईच्या अंगाची मापं त्यांना तोंडपाठ. पण बाईचं अंग असंही असतं, हे त्यांनी पाहिलं नव्हतं. खांदे जागच्या जागी, पाय जागच्या जागी, आणि मधे कमरेतून पाण्यावरची लहर सरकत चाललेली. त्या खाली बसल्या, ओवा स्वतःच चघळला आणि म्हणाल्या, "परत कर बघू ते मघाचं."

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मंडळाचा कार्यक्रम असतो, बायकांनी बायकांपुढे करायचा. रोशनीने त्यात नाव दिलं. नुसतं 'नृत्य' सांगितलं. कुठलं, हे सुलाबाईंना आधी कळलं असतं तर नाव तिथेच गळलं असतं. "एकदाच, आई," रोशनी म्हणाली होती, "एकदाच दार उघडं ठेवून नाचायचंय."

आता या नाचाचा पोषाख नाशकात मिळणार कुठे? लताबाईंनी व्हीसीडी थांबवून थांबवून त्या बाईची कंबर निरखली. पट्ट्याला मोत्यांचे सर लोंबत होते. असे सर ओवायला महिना जाईल. मग एकदम उमगलं, मोत्यांचे तयार सर तर प्रत्येक नवरीच्या कपाळावर असतात! म्हणून मुंडावळ्या. आणि व्हीसीडीतल्या बाईचे केस पाठीवर समुद्रासारखे, तर रोशनीची वेणी उंदराच्या शेपटाएवढी. म्हणून गंगावन.

घरी येताच कामाला हात लागला. साध्या काळ्या कापडाचा घागरा शिवला. बकरमचं ताठ कापड दुहेरी करून पट्टा कापला. मुंडावळ्या सोडवून त्याच्या कडेला सर टाकले. रोशनीने तांब्याच्या तारेची वेलबुट्टी वळली, तिच्यात काचमणी बसवले. गंगावनाचा पीळ उलगडून त्यात निळी-हिरवी लोकर मिसळली, आणि ते सगळं जाड फणीवर अशा वेढ्यांनी बांधलं की डोकं आपटलं तरी निघू नये. मशीन चालवता चालवता लताबाई गुणगुणत होत्या,

"मोती मी ओविते, सर लाविते सरीला,
जसं वारं बाजरीला, तसं नाचणं पोरीला."

इकडे गल्लीत वारं निराळंच सुटलं होतं.

"पहिलं केळवण आमच्याकडे," सुलाबाईंनी दारात उभं राहून सांगितलं. "रविवारी. पुरणपोळी. नाही म्हणायचं नाही."

"अहो काकू, पण—" रोशनी म्हणाली.

"लाजतेय बघा! मुलगा काय करतो?"

"मुलगा नाहीच—"

"नाहीच इथला! ते कळलंय आम्हाला. दुबईला असतो ना?"

रोशनीने आईकडे पाहिलं, आईने छताकडे. दोन वर्षं बंद खिडक्यांमधून झिरपणारी अरबी गाणी गल्लीने ऐकली होती, आणि आता त्यांचा आपल्यापरीने अर्थही लावला होता. पोर भाषा शिकतेय सासरची, असं.

केळवणाला नाही म्हणायची रीत आपल्याकडे नाही. नवरी 'पुरे' म्हणाली की ती भिडस्त ठरते आणि ताटात आणखी एक पोळी पडते. सुलाबाईंची पुरणपोळी झाली. भागीबाईंचं श्रीखंड झालं. देवळ्याहून लेकाकडे राहायला आलेल्या अक्काबाईंनी तर खापरावर मांडे केले आणि समोर बसून तूप ओतत राहिल्या. "खाय वं पोरी, सासरले कोन वाढी तुले?" एका घरी आमरस, दुसऱ्या घरी बासुंदी, तिसऱ्या घरी दोन्ही. आणि प्रत्येक घरातून उठताना कुंकू, नारळ आणि ब्लाऊजपीस किंवा खण.

चैत्र लागला तेव्हा पट्ट्याचा हूक लागेना.

रोशनीने श्वास कोंडून पाहिला, पलंगावर आडवी पडून पाहिलं. मग पट्टा मांडीवर घेऊन रडायला लागली. "आता कसली नाचतेय मी! पोट बघ माझं."

"अगं, नाच पोटाचा आहे ना?" लताबाई म्हणाल्या. "मग असू दे की थोडं. त्या व्हीसीडीतल्या बाईलाही आहे. मी माप घेतलंय नजरेने."

"आणि घागरा? तोही लागत नाही."

लताबाईंनी कोपऱ्यात साठलेल्या खणांच्या चळतीकडे पाहिलं. जांभळा, मोरपंखी, चटणी रंगाचा, पिवळ्या काठाचा. जेवणांनी कंबर वाढवली होती, पण जाताना कापडही देऊन ठेवलं होतं. त्यांनी कात्री घेतली. घागऱ्यात खणाची एक तिरकी पट्टी, म्हणजे कळी, घातली, मग दुसरी. नवं केळवण झालं की नवी कळी. पट्ट्यालाही मधे खण जोडला. असं करता करता घागऱ्याला इतका घेर आला की रोशनी नुसती वळली तरी तो उठून पुन्हा खाली बसायला वेळ घेई. मूळच्या साध्या काळ्या कापडाला हे रूप आलं नसतं. आरशासमोर उभी राहून रोशनीने दोन्ही बाजूंनी वळून वळून घेर पाहिला. मग म्हणाली, "आई, हे त्या सीडीतल्यापेक्षा भारी झालंय गं."

"हं," लताबाई म्हणाल्या. तोंडात टाचण्या होत्या. आणि मनात धाकधूक. लग्न नाही हे कळल्यावर एवढ्या घरांचं मीठ कुठल्या तोंडाने पचवायचं?

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्या निश्चय करून सुलाबाईंकडे गेल्या. सांगून टाकायचं. कार्यक्रमातून नाव काढलं तर काढू दे.

सुलाबाई ओट्यापाशी कैरी किसत होत्या. "बरी आलीस! रोशनीचा नंबर सगळ्यात शेवटी ठेवलाय मी. नाच झाला की तिथेच स्टेजवर ओटी भरायची, अख्ख्या मंडळाकडून. परदेशी चाललीय पोर. परत कधी दिसायची?" त्यांचा आवाज जरा भिजला.

"सुलाताई, एक सांगायचं होतं. रोशनीचं..."

"आ कर." सुलाबाईंनी आंब्याच्या डाळीचा चमचा पुढे केला. "मीठ बघ."

लताबाईंनी मीठ बघितलं. बरोबर होतं. तेवढंच सांगून त्या घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी समाजमंदिर बायकांनी गच्च भरलं. पन्ह्याचे ग्लास फिरले, कुणी उखाणे घेतले, कुणी मंगळागौरीची फुगडी घातली. शेवटी पडदा सरकला आणि टेपवर अरबी ढोल वाजला.

मोरपंखी, जांभळा, चटणी रंग अंगभर मिरवत, कमरेला मोत्यांची झालर, पाठीवर निळ्या-हिरव्या केसांचा लोंढा, अशी ती उभी होती. ही रोज सव्वाआठच्या बसला धावणारी रोशनी आहे, हे बायकांना क्षणभर उमगलंच नाही. मग ढोलाने ठेका धरला आणि मुंडावळ्यांचे सगळे सर एकदम थरथरले. एका बाजूची कंबर उचलली की तेवढेच मोती बोलत, बाकीचे गप्प ऐकत. पोटातून लहर निघाली, वर गेली, परत आली. कुणी हसलं नाही. पदराआडून हसायला सज्ज होऊन बसलेल्या भागीबाईंचा पदर तोंडापाशीच राहिला, फक्त तोंड उघडं पडलं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून अक्काबाई ओरडल्या, "ओ माय! हाऊ ते मना खण शे!"

एकीच्या ध्यानात आलं, की सगळ्यांच्याच आलं.

"तो जांभळा माझा!"

"आणि पिवळ्या काठाचा मी दिलेला!"

"तुमचा कसा? तो मी तुम्हाला संक्रांतीला दिला होता!"

"आणि मी तुम्हाला वास्तुशांतीला!" तिसरी म्हणाली.

पिवळ्या काठाचा खण गल्ली फिरून फिरून शेवटी एका कमरेला लागला होता. पण भांडायला सवड कुणाला होती? ज्यांना आपला खण दिसला त्यांनी टाळ्या धरल्या. ज्यांना दिसला नाही त्या उठून उभ्या राहिल्या. "रोशनी, फिर गं! माझा मागच्या बाजूला असेल!" "अजून फिर! डावीकडून!" रोशनी गरगर फिरली. घागरा छत्रीसारखा उघडला, कळीकळी मोकळी झाली आणि समोरच्या प्रत्येकीला आपापलं कापड भेटलं. गंगावन वाऱ्यावर लहरलं, पण फणी जागची हलली नाही.

विंगेत सुलाबाई लताबाईंना कोपराने ढोसत होत्या. "माझा कुठंय? अबोली? डोळे गेले शोधून."

"पट्ट्याच्या आत. अस्तराला," लताबाई कुजबुजल्या. "सगळ्यात मऊ तोच होता."

यावर रागवावं की काय करावं हे न सुचून सुलाबाई ओटीचं ताट घेऊन स्टेजवर गेल्या. टाळ्या थांबता थांबेनात. त्यांनी माइक धरला. "तर आता, दुबईला सासरी चाललेल्या आपल्या लेकीची—"

"काकू," धापा टाकत रोशनी म्हणाली, "दुबईला कुणी नाहीये."

"म्हणजे? शारजा?"

"कुठेच कुणी नाही. लग्न नाही ठरलेलं. मुंडावळ्या यासाठी आणल्या होत्या." तिने कमरेला हात लावला. मोती किणकिणले. माइक चालूच असल्याने ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेले.

विंगेत लताबाईंनी डोळे मिटून घेतले.

"अगं, मग एवढी केळवणं जेवलीस ती?"

"तुम्ही सांगू कुठे दिलंत? तोंड उघडलं की त्यात पोळी यायची."

कुणीतरी फिस्कन हसलं. अक्काबाईंनी खुर्चीतूनच निकाल दिला, "लगीन नही ते नही. पोर नाचनी बाकी भारी!"

सुलाबाई ताटाकडे बघत उभ्या होत्या. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी. भरायला काढलेली ओटी घरी परत नेत नाहीत, एवढं त्यांना नक्की ठाऊक होतं. बाकीचं नंतर बघता आलं असतं. "चल," त्या म्हणाल्या, "पदर धर."

रोशनीने इकडेतिकडे पाहिलं. या पोषाखाला सगळं होतं, फक्त पदर नव्हता. घागरा धरावा तर पाय उघडे पडणार. ओढणी धरावी तर ती जाळीची, तांदूळ गळणार. सुलाबाई नारळ हातात धरून खोळंबल्या.

तेव्हा लताबाई विंगेतून धावत आल्या आणि स्वतःचा पदर दोन्ही हातांनी पसरून लेकीच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

मागून भागीबाईंचा आवाज आला. "अहो अध्यक्षीणबाई, लता विधवा आहे. तिच्या पदरात कशी—"

सुलाबाईंनी माइक तोंडापाशी नेला. "ओटी रोशनीची आहे. पदर तेवढा तिच्या आईचा. मंडळाच्या नियमात बसतं." आणि नारळ ठेवला, वर ओंजळभर तांदूळ ओतले, मग आणखी एक ओंजळ. पदर चांगला जड होईपर्यंत.

दोन्ही हातांत पदर, त्यामुळे लताबाईंना डोळे पुसता येईनात. ते रोशनीने आपल्या जाळीच्या ओढणीने पुसले. ओढणीला टिकल्या होत्या, त्या थोड्या टोचल्या. खालून बायका ओरडत होत्या, "परत एकदा! परत एकदा!" सुलाबाई टेपच्या पोरीला खुणावत होत्या, आणि लताबाई तांदूळ सांडू नयेत म्हणून स्टेजच्या मधोमध, ढोल सुरू झाला तरी, तशाच उभ्या होत्या.