हंबीरबुवांचा हार

"बुवा, सुरू करावं," असं म्हणत त्र्यंबकरावांनी टीव्हीला हात जोडले आणि रिमोटचं बटण दाबलं. बुवा ढिम्म.

समोर बनाबाई पदर सावरून बसल्या होत्या. नेसरीचे कीर्तनकार हंबीरबुवा, त्यांचे यजमान, गेल्यापासून त्यांचा आवाज बाईंच्या कानावर पडला नव्हता. बुवांचे जुने श्रोते असलेल्या त्र्यंबकरावांना एका लग्नघरातल्या व्हिडिओ कॅसेटवर त्यांचं अख्खं कीर्तन सापडलं. त्यांच्या पुण्याच्या लेकीनं, मैथिलीनं, ते टीव्हीला जोडलेल्या छोट्या संगणकाच्या, लिनक्सच्या डबीत भरून दिलं होतं. आज बनाबाई तेवढ्यासाठी कोल्हापूरला आल्या होत्या, आणि गडहिंग्लजची शेवटची एसटी त्यांना चुकवायची नव्हती. घरी म्हैस व्यायला झाली होती.

"सेल उलटे घातले असतील," त्र्यंबकरावांच्या पत्नी कालिंदीबाई म्हणाल्या.

"सुलटेच हायत की!"

शेवटी मैथिलीला व्हिडिओ कॉल लागला. "बाबा, मी इथून सुरू करू का?"

"बुवांना पुण्याहून उठवणार? समोर बसलेल्यानं विनंती करायची असते."

"बरं. मग रिमोटचं टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघा आणि बटण दाबा."

कॅमेऱ्यात एक जांभळट ठिणगी लुकलुकली. मोबाइल बाजूला घेतला, तर काहीच नाही! "अगं, हितं उजेड हाय आणि आपल्या डोळ्यांना दिसत न्हाय!" त्र्यंबकरावांनी रिमोट कपाळाला लावला.

"उजेड निघतोय, पण डबीपर्यंत पोचत नाही," मैथिली म्हणाली. "वायरी तपासा."

वायरींसाठी, बुवांच्या मानाचा म्हणून टीव्हीवर चढवलेला झेंडूचा हार उतरवावा लागला. आवाजाचं बटण दाबून पाहिलं, तर पडद्यावर आवाजाची पट्टी सरसर वर! टाळ्या झाल्या. त्र्यंबकरावांनी हार पुन्हा नीट चढवला, हात जोडले, "बुवा, सुरू करावं." ढिम्म.

पुन्हा हार उतरवला, वायर हलवली, पट्टी हलली. पुन्हा हार, पुन्हा ढिम्म. तिसऱ्यांदा त्र्यंबकराव घामाघूम झाले. "बुवा रुसलेत. माझंच काहीतरी चुकलंय."

"व्हय, जितेपणी बी असंच रुसायचं," बनाबाई म्हणाल्या आणि घड्याळाकडं बघत पिशवी जवळ ओढली.

"बाबा, कॅमेरा टीव्हीकडं करा," मैथिली ओरडली. "अहो, रिमोटचा उजेड टिपणारा तो काळा मणी मी टीव्हीच्या वरच्या काठावर चिकटवलाय. त्याच्यावर अख्खा झेंडू!"

"पण हाराशिवाय कीर्तनाला उभं कसं करायचं त्यांना?"

कालिंदीबाईंनी हार उचलला आणि सरळ बनाबाईंच्या गळ्यात घातला. "अगं बया, मला कशाला गं?" म्हणत त्या संकोचल्या, पण काढला नाही.

बटण दाबलं. बुवांचा आवाज घरभर उठला. बनाबाईंच्या डोळ्यांना धार लागली. पिशवी मांडीवरून केव्हा घसरली, त्यांना कळलं नाही.

थोड्या वेळानं त्यांनी हात पुढं केला. "थांबवायचं बटान कुठलं?"

त्र्यंबकरावांनी चाचरत दाखवलं. बाईंनी दाबलं. बुवा हात वर करून, तोंड उघडं ठेवून जागच्या जागी थबकले.

"जलमभर म्हणत आले, जरा थांबा, दोन घास खावा," बनाबाई पडद्याकडं बघत म्हणाल्या. "कवा थांबलं न्हाईत. आज ऐकलं बघा."

बाईंनी त्यांना मन भरेपर्यंत न्याहाळलं.

"व्हय, म्हणा आता," म्हणून त्यांनी बटण दाबलं; आणि बुवांनी निमूटपणे पुढचा शब्द उचलला.