बाथरूमचा खुला बाजार

एक बाथरूम, चार माणसं आणि सकाळी आठ ते नऊची वेळ. रोज दार बडवून बडवून बिजागरी सैल झाली, तेव्हा अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी चिठ्ठ्या कापल्या. पंधरा मिनिटांची एक चिठ्ठी, माणशी आठवड्याला सात. कुणीही कुणालाही द्यावी, बदल्यात हवं ते घ्यावं.

"वरून कुणाचा हुकूम नाही, ढवळाढवळ नाही. बघा कसं सुरळीत चालतं!" प्राध्यापक छाती फुगवून म्हणाले.

टोमणा सासूबाईंना होता. त्यांची तीस वर्षं शिधावाटप खात्यात गेली होती. त्या चष्मा पुसून कामाला लागल्या. नातीची भांडी घासून तिच्या चिठ्ठ्या घेतल्या, लेकीची भाजी निवडून तिच्या. दोन शर्टांच्या इस्त्रीवर खुद्द प्राध्यापकांनीही शनिवारची चिठ्ठी देऊन टाकली आणि वर "झकास सौदा!" म्हणाले.

शनिवारी दहाला प्राध्यापकांचं व्याख्यान होतं. आयुष्यात पहिल्यांदाच एवढं मोठं सभागृह, विषय 'हस्तक्षेप हटवा'. आठ वाजता ते डोक्याला चपचपीत तेल थापून दाराशी आले. आतून सासूबाईंचं गुणगुणणं ऐकू आलं. नऊपर्यंतच्या चारही चिठ्ठ्या त्यांच्याच होत्या, आणि नऊला पाणी जायचं.

"आई, एक चिठ्ठी द्या. काय हवं ते मागा!"

"व्याख्यानात शिधावाटपाबद्दल एक चांगलं वाक्य बोला, जावईबापू. लगेच बाहेर येते."

बायको कुजबुजली, "अहो, चिठ्ठ्या तुम्हीच कापल्यात ना? मग काढा की एखादा नियम!"

"घरात एक आणि व्यासपीठावर एक? तेलकट डोक्यानं जाईन, पण नियम काढणार नाही!"

टॉवेल खांद्यावर टाकून ते तरातरा जिना उतरले. खालचा न्हावी दुकान उघडत होता. "मागच्या मोरीत गरम पाणी आहे, सर. बदल्यात दाढी रोज माझ्याकडेच."

दहाला प्राध्यापक व्यासपीठावर लखलखीत उभे होते. "मक्तेदारी मोडली ती हुकमानं नव्हे, खालच्या न्हाव्यानं!" ते गरजले. टाळ्या थांबेनात.

हे ऐकून शेजारच्या पार्लरवालीनंही मागची मोरी उघडली. सोमवारी आठ वाजता मायलेकी टॉवेल घेऊन तिच्याकडे गेल्या. घरचं बाथरूम सताड उघडं होतं आणि सासूबाई बाहेर स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर नव्या आठवड्याच्या अकरा चिठ्ठ्या होत्या. एवढी भांडी घासली, आता काळं कुत्रं विचारत नव्हतं.

प्राध्यापकांना भडभडून आलं. इकडंतिकडं बघत ते जवळ आले. "आई, द्या त्या सगळ्या. आठवडाभर भांडी मी घासतो. पण हे धोरण नव्हे हं, निव्वळ माया आहे. बाहेर बोलू नका."

सासूबाईंनी चिठ्ठ्या त्यांच्या हातात ठेवल्या आणि पाठ थोपटली.

"शाब्बास, जावईबापू! आमच्या खात्याचीही सुरुवात अशीच झाली होती."