टाळाला लागलेली लाल चिठ्ठी

ज्योतीरामने देवघराला शिस्त लावायची ठरवली ती एका उदबत्तीपायी. सकाळी अंघोळ करून तो देवापुढे उभा राहिला, तर उदबत्तीचा पुडा सापडेना. पुडा सापडला तर काडेपेटी सापडेना. दोन्ही हाताशी आली तोवर कंपनीची बस कुरुळीच्या फाट्यावरून निघून गेली होती. (देवाला नमस्कार राहिला तो राहिलाच.)

ज्योतीराम चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला होता. तिथे फाइव्ह एस नावाचं एक व्रत असतं. प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा, जागेभोवती पिवळी पट्टी, पट्टीवर नाव. आणि वर्षभर जिला हात लागला नाही, त्या वस्तूला लाल चिठ्ठी. अशी वस्तू महिनाभर दाराशी ठेवायची, कुणी मागितली नाही तर सरळ भंगारात. हे व्रत कडक पाळल्याबद्दल कंपनीने त्याला भिंतीवरचं घड्याळ बक्षीस दिलं होतं. (ते घरी आल्यापासून मागे पडत होतं.)

तर पुढच्या सुट्टीला गडी टेप घेऊन देवघरात घुसला. गणपती, बाळकृष्ण, घंटा, कापराची डबी, सगळ्यांना पिवळे चौकोन आखून दिले. अन्नपूर्णा काही आपल्या चौकोनात मावेना, म्हणून तिला ‘तात्पुरती’ अशी चिठ्ठी लावून कोपऱ्यात बसवली. त्याची बायको विजयश्री तांदूळ निवडत हे सगळं बघत होती. लातूरकडची बाई, बोलायची कमी. तिने एवढंच विचारलं, हा नियम देवालाच की सगळ्या घराला? ज्योतीराम छाती काढून म्हणाला, सिस्टीममध्ये सूट नसते.

इथेच तो फसला.

विजयश्रीने लाल कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या आणि कामाला लागली. पहिली चिठ्ठी त्याच्या पळायच्या बुटांना, दुसरी योगासनाच्या चटईला, मग मन शांत कसं ठेवावं या विषयावरच्या पुस्तकाला. (पुस्तकाचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं.) गंमत म्हणजे वर्षभर न वापरलेलं जे जे त्या घरात निघालं, ते सगळं ज्योतीरामचंच होतं. प्रत्येक वस्तूबद्दल त्याचं म्हणणं एकच, हा ओव्हरटाइम संपला की वापरणारच होतो. ओव्हरटाइम काही संपत नव्हता.

अशात कंपनीत तपासणी झाली. डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा बघितला, पुन्हा गुंडाळला आणि विचारलं, मन रमेल असं काही करता का? ज्योतीराम बराच वेळ आठवत बसला. मग एकदम त्याला त्याचा टाळ आठवला.

गावाकडे दर गुरुवारी मारुतीच्या देवळात भजन असायचं. ज्योतीराम पखवाजाच्या शेजारी बसायचा. चाकणला निघाला तेव्हा मंडळाने तो पितळी टाळ त्याच्या हातात दिला, विसरू नको म्हणून. विजयश्री तेव्हा नवी नवरी. एवढ्या टाळांत तुमचा मला ओळखू येतो, म्हणायची. कुरुळीला खोली घेताना त्याने तिला सांगितलं होतं, देहू इथून जवळ आहे, दर एकादशीला जाऊ, इंद्रायणीच्या काठी निवांत बसू. ते एकदाच गेले. पाण्यात पाय सोडले आणि कंपनीचा फोन आला. ते आठवून ज्योतीरामने तिथेच ठरवलं. आता घरी जायचं, टाळ काढायचा, बस्स.

त्या गुरुवारी ओव्हरटाइम न करता दुपारीच घरी येऊन त्याने कपाट उघडलं. वरच्या फळीवर पिवळ्या पट्टीने आखलेले दोन गोल होते. आत काही नव्हतं.

विजयश्री कणीक मळत होती. म्हणाली, चिठ्ठी लावून महिनाभर दाराशी ठेवला होता, तुम्ही रोज शिफ्टला जाताना ओलांडून जात होता, कुणी मागितला नाही.

“मग गेला कुठे?”

“नियमाप्रमाणे जिथं जायचा तिथं.”

तो चपला शोधायला लागला. (चपला आपल्या चौकोनात नव्हत्या.) निघताना विजयश्रीने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, सावकाश जाऊन या. कितीतरी दिवसांनी तिचा हात असा पाठीवर पडला होता. त्याही घाईत त्याला बरं वाटलं.

भंगारवाल्याच्या ढिगात तो गुडघाभर शिरला. जे पितळी दिसेल ते एकमेकांवर वाजवून कान लावायचा. तांब्याचं झाकण झालं, समई झाली, एक फुटकी परात झाली. बघे जमले. भंगारवाला त्याच्याभोवती एक फेरी मारून मागे थांबला, हसला आणि म्हणाला, “बाकी सगळं घेतो साहेब, पण हे नाही घेत.” ज्योतीरामला वाटलं परातीबद्दल बोलतोय. त्याने ती खाली ठेवली.

दिवस मावळत आला तसा तो परत फिरला. आणि कुरुळीच्या देवळावरून जाताना जागच्या जागी थांबला. आत भजन चाललं होतं आणि त्यात त्याचा टाळ होता. ओळखायला काही लागलं नाही.

आत बायकांची रांग बसली होती. मधे घरमालकीण रुक्मिणीबाई, त्यांच्या शेजारी विजयश्री, आणि तिच्या हातात टाळ. डोळे मिटून वाजवत होती, आणि चांगलं वाजवत होती. ज्योतीराम मागे टेकला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

भजन थांबलं तसं रुक्मिणीबाईंनी मागे बघितलं. “या, बसा. बायको म्हनती तुमाला येळ न्हाई. आमी म्हनलं, टाळाला तर हाय ना?”

विजयश्रीने टाळ त्याच्यापुढे धरला. “तुमची लई वाट बघितली. मग टाळ घेऊन मीच येऊन बसले. पण शेजारी तुम्ही नाही तर करमत नाही हो मला.”

त्याने टाळ घेतला आणि वाजवायला लागला. चारदा चुकला. रुक्मिणीबाईंनी टाळ परत विजयश्रीकडे दिला आणि त्याला टाळ्या वाजवायला बसवलं. तो मनापासून टाळ्या वाजवत राहिला. घरी येताना त्याने जाहीर केलं की गुरुवारचा ओव्हरटाइम बंद आणि या एकादशीला देहू. फोन घरी ठेवून. विजयश्री हो म्हणाली आणि पदराआड हसत राहिली. गल्लीतली माणसंही हसत होती. ज्योतीरामला वाटलं, आपला आनंद त्यांना दिसतोय.

घरी येऊन त्याने शर्ट काढला. पाठीवर लाल चिठ्ठी होती, विजयश्रीच्या वळणदार अक्षरात:

वस्तू: नवरा. शेवटचा वापर: आठवत नाही. निर्णय: महिनाभर वाट बघू.

ज्योतीरामने चिठ्ठी दोनदा वाचली. विजयश्री तोवर हसून हसून खाली बसली होती. महिनाभर तर महिनाभर, त्याची हरकत नव्हती. फक्त भंगारवाला कशाला नाही म्हणाला होता, ते त्याला आत्ता कळलं.