अर्धं सरकार घालतंय

माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा भेटायला आलेल्या प्रत्येकानं, दिसतंय का नीट, असं विचारलं. बब्रुवानमामांनी विचारलं, "दुसऱ्या डोळ्याला सबसिडी हाय का?"

मामा आईचे सख्खे भाऊ. औशाजवळच्या खेड्यात शेती. गावभर सोयाबीन, पण मामांना सोयाबीन बघूनच जांभई यायची. नुसत्या एका पिकावर भागत नाही, जोडधंदा पाहिजे, असं ते म्हणत. कृषी खात्याचे साहेबही हेच सांगत, त्यामुळे मामांना खोटं पाडणं अवघड होतं. फरक एवढाच, की बाकीचे लोक धंदा निवडून मग अनुदान शोधत आणि मामा अनुदान शोधून मग धंद्याचं नाव विचारत. कुणी समजावायला गेलं की उत्तर तयार असे, "अर्धं सरकार घालतंय. आपण का मागं राहायचं?"

आधी मधमाश्यांच्या पेट्या आल्या. शेजारच्या रानात फवारणी झाली आणि माश्या उठून थेट मारुतीच्या देवळात जाऊन बसल्या. पुजारी लांबूनच नमस्कार करायला लागला. मामा सांगत, त्या गेल्या न्हाईत, जरा फिरायला गेल्यात.

मग शेततळ्यात मासे सोडले. मामा माळकरी. मासे विकताना ते तोंड फिरवून उभे राहत आणि गिऱ्हाईकच वजन करून घेई. वजन कसं होत असेल ते सांगायला नको.

त्यानंतर रेशीम. तुती लावली, शेड उभं केलं. रेशमाच्या अळ्यांना उग्र वास सोसत नाही, हे प्रशिक्षणात कळल्यावर मामांनी घरातली फोडणी बंद केली. शेड घरापासून चांगलं लांब होतं, तरी. मामीनं तो सगळा हंगाम बिनफोडणीचं वरण खाल्लं. पाला तीच कापायची, अळ्यांना तीच घालायची, कारण मामांना प्रशिक्षणाला जायचं असे. लातूरला प्रगतशील शेतकरी म्हणून मामांचा सत्कार झाला तेव्हा ते फेटा बांधून स्टेजवर होते आणि मामी मागच्या रांगेत, तुतीनं काळे पडलेले हात पदराखाली झाकून.

दोन वर्षांपूर्वी मामी अचानक गेली. मुलगा पुण्यात, सुटीला फोन करणारा. आता तरी योजना थांबतील असं आम्हाला वाटलं, कारण राबणारं माणूसच उरलं नव्हतं. पण मामांनी ड्रॅगन फ्रूट लावलं, कोंबड्या आणल्या. आईसुद्धा चिडली. म्हातारपणी हाव सुटली, असं आम्ही सगळेच म्हणायला लागलो.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडं आठवडाभर राहायला गेलो होतो. अळिंबीची, म्हणजे मशरूमची, नवी योजना आली होती आणि सरकारचा वाटा निम्म्याहून जास्त होता. गावच्या कृषी सहायक मॅडमचा फोन आला. आता पाहणीला यायची गरज नाही काका, शेडमध्ये उभं राहून मोबाइलवर फोटो टाकला की झालं, असं त्या सांगत होत्या.

"म्हणजे तुम्ही येणार न्हाई?" मामांनी विचारलं.

नाही म्हटल्यावर मामा म्हणाले, "मग राहू द्या. आपल्याला नको."

मामा अनुदान नाकारतात, हे माझ्या कानांना पटेना. मी कारण विचारलं. ते अंगणातल्या खुर्च्या सरळ करत म्हणाले, "मॅडम यायच्या तर दिवस जायचा. फोटो काय चहा प्यायला येतोय?"

मी हे मॅडमना फोन करून सांगितलं. त्या रविवारी त्या स्कूटीवर आल्या, काही काम नसताना. मामा गडबडले. शर्ट बदलून आले आणि विचारायला लागले की काय दाखवू, कोंबड्या की ड्रॅगन. काहीच नको काका, सहज आले, असं त्या म्हणाल्या. यावर काय करायचं ते मामांना कळेना.

शेवटी ते त्यांना विहिरीमागं घेऊन गेले. मीही तिकडं कधी गेलो नव्हतो. तिथं एक लिंबोणी होती, फळांनी वाकलेली, बुडाशी स्वच्छ आळं केलेलं.

"ही हिनं लावलेली," मामा म्हणाले. "रोज पाणी घालतो. दाखवलं न्हाई कुणाला."

मग एक फांदी वाकवून त्यांनी मॅडमसमोर धरली. "तोड पोरी. काटे हाईत, जपून."